पिल्लांच्या जाहिरातीखाली आईबापाचा रिपोर्टही छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

रविवारी छोट्या जाहिरातींच्या पानावर पिल्लांच्या जाहिराती असतात, गोल्डन, लॅब, बीगल, पग, पॉमेरेनियन, पुढे 'केसीआय पेपर्ससहित (म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद), लसीकरण झालेले' आणि खाली मोबाईल नंबर, बस. २०२१ च्या सप्टेंबरात अशीच एक जाहिरात बघून आम्ही गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू घरी आणलं, चिकू. तो २ वर्षं आणि १ महिना जगला. त्याला नेमकं काय झालं होतं हे आम्हाला मेंदूच्या एमआरआयमुळे आणि नंतरच्या डीएनए टेस्टमुळे कळलं, आणि ते कळल्यामुळे पुढची निदान एक लिटर, म्हणजे एका वेतातली पिल्लं, तरी थांबली, म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र खूप लांबलंय. जागा नसेल तर माझी हकीकत कापा पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

आमचं सिंहगड रोडला मेडिकलचं दुकान आहे, मी फार्मसी केलंय, आजार, गोळ्या, रिपोर्ट हे शब्द रोज तोंडात असतात, तरी घरच्या कुत्र्याच्या बाबतीत मी तीन महिने चुकीच्याच दिशेने बघत राहिले.

चिकू आला तेव्हा ३५ दिवसांचा होता. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही असा नियम आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि ब्रीडरने सांगितलं नाही. पहिलं वर्ष फार छान गेलं, रोज सकाळी तळजाई टेकडी, दुपारी सासूबाईंच्या पायाशी झोप, पोळ्या सुरू झाल्या की ओट्याखाली ठाण मांडून बसणं. इंजेक्शनं सगळी वेळेवर, जंताचं औषध वेळेवर, वजन व्यवस्थित.

२०२२ च्या दिवाळीत तो घाबरायला लागला. सगळे म्हणाले फटाके, आम्हीही तेच म्हटलं. पण दिवाळी संपली, तुळशीचं लग्न झालं, दत्तजयंती आली तरी भीती जाईना, उलट वाढतच चालली, कुकरची शिट्टी झाली की थरथरायचा, माझा नवरा हेल्मेट घालून आत आला की भुंकत मागे सरकायचा, तोच माणूस ज्याच्या गाडीचा आवाज तो कोपऱ्यावरून ओळखायचा. आणि मग एक दिवस मी जे बघितलं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. बाहेर जायचं म्हणून तो दारापाशी गेला आणि दार उघडतं त्या कडेला उभं राहायचं सोडून बिजागरीच्या कडेला जाऊन, दार आणि भिंतीच्या फटीला नाक लावून उभा राहिला. मी दार उघडलं, जिन्यातला उजेड आत आला, समोर वाट मोकळी, आणि तो तिथेच, बिजागरीकडे तोंड करून, शेपटी हलवत, दार उघडायची वाट बघत. मी हाक मारली तर कान हलले, मान वळली नाही. सासूबाई सोफ्यावरून बघत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, ह्याला दार कुठेय ते आठवत नाहीये."

मला तेव्हा ते पटलं नाही. सव्वा वर्षाच्या कुत्र्याला विसरायला कसं होईल?

मग एकेक सुरू झालं. घरात कधी शू न करणारा कुत्रा उभ्या उभ्या कुठेही करायला लागला आणि करून झाल्यावर त्याला त्याचं काही वाटायचं नाही. डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या मारत बसायचा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, नखांचा टकटक आवाज. जिना उतरताना पुढचा पाय हवेत धरून उभा राहायचा, पायरी नेमकी किती खाली आहे ते कळत नसल्यासारखा. डिसेंबरच्या शेवटी पहिली फिट आली.

पहिल्या डॉक्टरांनी डिस्टेंपर म्हटलं. मी त्यांना दोष देत नाही, आपल्याकडे तरुण कुत्र्याला फिट आली, चाल बिघडली की डिस्टेंपर आधी मनात येणं बरोबरच आहे, तो व्हायरस मेंदूत जातो, झोपेतसुद्धा पाय किंवा जबडा ठरावीक तालात उडत राहतो, आणि लस नीट न झालेल्या पिल्लांत तर तो नेहमीचाच. त्याच्याही आधी रेबीजचा विचार करायला हवा, हे मी मुद्दाम लिहितेय कारण हे पत्र वाचून कोणी घरच्या कुत्र्याच्या तोंडात हात घालून बघत बसू नये. कुत्र्याचं वागणं एकाएकी बदललं, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, तर हात लांब ठेवा आणि थेट डॉक्टरांना फोन करा. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की कुत्रा सहसा १० दिवसांच्या आत जातो. चिकूचं तसं नव्हतं, त्याचं महिनोनमहिने हळूहळू चाललं होतं, आणि इतकं हळू चाललंय हीच खरं तर मोठी खूण होती, जी आम्ही कोणी वाचली नाही.

फिट्ससाठी फेनोबार्बिटोन सुरू झालं. हे औषध मी दुकानात माणसांना देते, सुरुवातीला सुस्ती येते हे मला माहीत, त्यामुळे चिकू भिंतीकडे बघत बसला की मी म्हणायचे गोळीचा असर आहे. असे आणखी पाच आठवडे गेले.

तिसऱ्या डॉक्टर एक तरुण मुलगी होती, नाव लिहीत नाही पण तिचे उपकार आहेत. तिने आधी फाईल बाजूला ठेवली आणि पाऊण तास फक्त कुत्रा बघितला. त्याला चालायला लावलं, उभं करून पंजा उलटा ठेवला, निरोगी कुत्रा लगेच सरळ करतो, चिकूला बराच वेळ लागला. डोळ्यांत टॉर्च मारला तर बाहुली बारीक झाली, पण डोळ्यासमोर एकदम हात नेला तर पापणी लवली नाही. ती म्हणाली, "ताई, डोळे ठीक वाटताहेत, घोळ डोळ्यांच्या मागे आहे." मग तिने रक्तातली साखर, लिव्हर, अमोनिया सगळं तपासलं, कारण लहान वयात लिव्हरला बायपास करणारी जन्मजात रक्तवाहिनी असली तरी कुत्रा असाच भ्रमिष्टासारखा वागतो आणि त्यावर उपाय असतो. ते सगळं नॉर्मल आलं. डिस्टेंपरची पीसीआर निगेटिव्ह. तेव्हा ती म्हणाली आता मेंदूचं चित्र लागेल.

"कुत्र्याचा एमआरआय?" हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या जणांकडून ऐकलं की मोजायचं सोडलं. सोसायटीतले म्हणाले, नातेवाईक म्हणाले, दुकानात गिऱ्हाईकं म्हणाली. काहींनी प्रेमाने सांगितलं की एवढ्या पैशांत चार भटक्यांची सोय होईल, आणि त्यांचंही चूक नाही. मी डॉक्टरला सरळ विचारलं, चित्र काढून हा बरा होणार आहे का? ती म्हणाली, "सांगता येत नाही. इन्फेक्शन किंवा सूज निघाली तर औषध आहे, कवटीत पाणी साठलेलं निघालं तरी काहीतरी करता येईल. दोन्ही नसेल तर कदाचित काहीच करता येणार नाही, पण मग हा एकटाच नाहीये हे तुम्हाला कळेल." त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आम्हाला तारीख मिळाली ती मुंबईत. पहाटे निघालो, रात्रीपासून उपाशी, कारण कुत्र्याचा एमआरआय पूर्ण भूल देऊनच होतो. माणसाला सांगता येतं हलू नका, कुत्र्याला कसं सांगणार, आणि जरा हललं तरी चित्र फुसकं येतं. गळ्यातला पट्टा, साखळी सगळं काढायला लावलं, घशात नळी घातली, सलाईन लावलं. तासाभराचं काम. मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक, शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून सिग्नल घेऊन चित्र बनवतं, एक्स-रेसारखी किरणं त्यात नसतात. त्याच भुलीत मानेच्या मागून सुईने मेंदूभोवतीचं पाणीही तपासायला काढलं, म्हणजे पुन्हा भूल द्यायला नको.

मग डॉक्टरने स्क्रीनवर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक त्याच वयाच्या एका निरोगी कुत्र्याचं, एक चिकूचं. त्या प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं आणि मेंदू करडा. निरोगी चित्रात मेंदू कवटीत असा गच्च बसलेला, ताज्या अक्रोडासारखा, मधे कुठे जागाच नाही. चिकूच्या चित्रात अक्रोड सुकून कवचात खुळखुळावा तसा. वळ्यांच्या मधल्या भेगा रुंद होऊन त्यांत पांढरं पाणी, मेंदूच्या आतले कप्पे पसरलेले, मागचा लहान मेंदू, जो तोल सांभाळतो, तोही आक्रसलेला. गाठ नाही, रक्तस्राव नाही, कुठे सुजेचा ठिपका नाही. पाण्याचा रिपोर्टही पुढे नॉर्मलच आला. डॉक्टरने बोटाने डावी बाजू दाखवली, मग उजवी, आणि म्हणाली, "बघा, दोन्हीकडे सारखंच." मी दोन्ही बाजू परत परत बघत होते. मला वाटत होतं एका बाजूला तरी काहीतरी वेगळं सापडेल.

ते 'सारखंच' का महत्त्वाचं हे तिने सांगितलं ते मला आता पाठ झालंय. गाठ एका बाजूला होते. पक्षाघात एका बाजूला होतो. सूज आली तर इथे थोडी तिथे थोडी अशी ओबडधोबड येते, पगमध्ये तरुण वयात मेंदूची जी सूज येते ती बहुतेक अशीच. पण पेशीच्या कारखान्यातच जन्मापासून बिघाड असेल तर तो डाव्या-उजव्याला सारखाच मारतो. म्हणून तरुण कुत्रा, हळूहळू वाढत जाणारी लक्षणं, आणि दोन्ही बाजूंना सारखं चित्र, असं तिन्ही जुळलं की अनुवंशिक आजाराकडे बोट जातं. कुठला आजार हे एमआरआय एकटा सांगत नाही, तो यादी छोटी करतो. आणि अगदी सुरुवातीला केला तर नॉर्मलही येऊ शकतो, हेही तिने आधीच सांगितलं होतं.

छोट्या झालेल्या यादीत पहिलं नाव होतं न्यूरोनल सेरॉइड लिपोफसिनोसिस, डॉक्टर लोक एनसीएल म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पेशीच्या आत कचरा मोडायची एक जागा असते, लायसोसोम, तिथे लागणारं एक प्रोटीन धड तयारच होत नाही, मग कचरा साठत जातो. घंटागाडी आठवडाभर आली नाही तर सोसायटीत काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, इथे ती कधीच येणार नसते. मेंदूच्या पेशी त्या साठ्यात मरत जातात. पिल्लू जन्मतः छान दिसतं कारण कचरा साठायला वेळ लागतो. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये हा आजार सीएलएन ५ नावाच्या जीनमधली डीएनएची फक्त २ अक्षरं गळाल्यामुळे होतो, हे २०१५ साली शोधून काढलं गेलं. बॉर्डर कोलीत त्याच जीनमधली वेगळी चूक आहे, ती २००५ मध्येच सापडली होती. म्हणजे चिकू जन्मला त्याच्या सहा वर्षं आधी ही टेस्ट करता येणं शक्य झालं होतं.

रक्ताचा नमुना परदेशातल्या लॅबला गेला. रिपोर्ट एका ओळीचा होता, सदोष जीनच्या दोन प्रती.

दोन प्रती म्हणजे एक आईकडून, एक वडलांकडून. एकच प्रत असलेला कुत्रा पूर्ण निरोगी असतो, शोमध्ये बक्षिसं मिळवतो, म्हातारा होऊन मरतो, त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचं मेटिंग झालं तर प्रत्येक पिल्लाला आजार व्हायची शक्यता ४ मधली १. आणि जी भावंडं धडधाकट राहतात त्यांच्यातही प्रत्येकाची वाहक असण्याची शक्यता ३ मधल्या २. मी घरी येऊन कपाटातून चिकूचे केसीआय पेपर काढले, जे आम्ही अभिमानाने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले होते आणि कधी नीट वाचले नव्हते. वडलांच्या बाजूचे आजोबा आणि आईच्या बाजूचे आजोबा, दोन्ही ठिकाणी एकाच कुत्र्याचं नाव. पहिल्या दिवसापासून कपाटात होतं ते.

केनेल क्लबचे पेपर म्हणजे वंशावळ. आईबाप कोण ते त्यात कळतं, आईबापाच्या रक्तात काय आहे ते कळत नाही. आपण सगळे पेपर आहेत म्हणजे कुत्रा चांगला असं धरून चालतो, मीही धरलं होतं.

तेव्हा मला डॉक्टरचं 'हा एकटाच नाहीये' कळलं. लिटर सात पिल्लांची होती. ब्रीडरने नंबर द्यायला नकार दिला, म्हणाला, "ताई, माझ्याकडे इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, तुमच्या घरच्या खाण्यातून काहीतरी झालं असेल." मी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं. आमच्या दुकानाच्या काउंटरवर एक कागद चिकटवला, टेकडीवर फिरायला येणाऱ्या लोकांना विचारलं, अशी चार घरं सापडली. त्यातला एक भाऊ दीड वर्षाचा असताना 'पिसाळला' म्हणून गच्चीवर बांधून ठेवला होता, तिथेच गेला. त्याला तेच झालं होतं असं मी म्हणणार नाही, त्याचं ना चित्र निघालं ना रक्त तपासलं, पण त्या घरातल्या मुलाने मला सांगितलं की तो गच्चीच्या टाकीभोवती गोल गोल फिरायचा आणि त्याच्या हातून भाकरी घेताना भाकरी सोडून हवेत तोंड मारायचा. तो मुलगा आठवीत आहे. त्याला अजून वाटतं की आपण त्याला गच्चीवर ठेवलं म्हणून तो मेला.

दुसरी सापडली ती जुई. सहकारनगरच्या एका काकांकडे, रोज तळजाईला भेटायची, चिकूची सख्खी बहीण आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. एकदम ठणठणीत, आणि पुढच्या हीटला तिचं मेटिंग ठरलं होतं, स्टड म्हणजे नर ठरला होता, तोही त्याच ब्रीडरकडचा, तिच्या वडलांच्याच दुसऱ्या लिटरमधला. मी काकांना चिकूची फिल्म दाखवली. आधी ते चिडले, साहजिक आहे, कोणी सकाळी सकाळी येऊन तुमच्या पोरीत खोट आहे म्हटल्यावर कोण ऐकून घेईल. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. जुईच्या गालाच्या आतून स्वॅब घेतला, एक प्रत निघाली, वाहक. खरं तर वाहक मादीला टेस्ट केलेला स्वच्छ नर दिला तर एकही पिल्लू आजारी होत नाही, सरासरी निम्मी वाहक होतात, म्हणजे मेटिंग करायचंच नाही असं विज्ञान म्हणत नाही, फक्त आंधळेपणाने करू नका म्हणतं. पण काकांनी तिचं ऑपरेशनच करून टाकलं. म्हणाले, "मला ते चित्र विसरता येत नाहीये."

बाकी दोन घरांनी टेस्ट केली नाही. एकाने तर मला ब्लॉक केलं.

हे फक्त गोल्डनचं नाहीये हेही सांगायला हवं. बीगलची पिल्लं पुण्यात घरोघरी आहेत, त्यांच्यात लहान मेंदूचा एक अनुवंशिक आजार आहे, पिल्लू तिसऱ्या आठवड्यात चालायला लागतं तेव्हाच डगमगतं आणि एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलेला आणि भोवती पाणी दिसतं, त्याचा जीन २०१२ मध्ये सापडलाय. चिहुआहुआमध्येही एनसीएल आहे, वेगळ्या जीनमुळे. वेस्टीमध्ये (वेस्ट हायलँड व्हाईट टेरियर) मेंदूचा पांढरा भाग खराब होतो. स्टॅफर्डशायर बुल टेरियरमध्ये एक असा आजार आहे की एमआरआयमध्ये दोन्हीकडे सारखा, ठरावीक ठिकाणी बदल दिसतो आणि लघवीच्या तपासणीतून खात्री होते. चिहुआहुआ, पॉमसारख्या छोट्या जातींत डोकं घुमटासारखं असेल आणि टाळू भरलेली नसेल तर त्या फटीतून साध्या सोनोग्राफीनेही आतलं साठलेलं पाणी बघता येतं, त्याला एमआरआयपर्यंत जावंच लागेल असं नाही. सीटी स्कॅन स्वस्त आणि झटपट असतो, मेंदू फार आक्रसला असेल तर त्यातही कळतं, फक्त मागच्या भागात कवटीचं जाड हाड आडवं येतं आणि लहान मेंदू नीट दिसत नाही.

आणि चिकूचा हा एनसीएल आजार माणसांच्या मुलांतही आहे, त्याला बॅटन डिसीज म्हणतात. पिल्लासारखंच, मूल छान वाढतं, मग बोलणं जातं, फिट्स येतात, नजर जाते. त्याच्या एका प्रकारावर, सीएलएन २ वर, कमी पडणारं एन्झाइम थेट मेंदूतल्या पाण्यात सोडायचं औषध अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालं, आणि त्याच्या आधी ते मिसुरी विद्यापीठात हाच आजार असलेल्या डाशहुंड कुत्र्यांवर करून बघितलं होतं. त्या कुत्र्यांचं निदान कोणीतरी नीट केलं, नाव दिलं, जीन शोधला, म्हणून ते होऊ शकलं. 'कुत्र्याचा एमआरआय कशाला' असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी आता हे सांगते. ते औषध चिकूच्या प्रकारावर नाही.

चिकूला आम्ही जितके दिवस नीट ठेवता येईल तितके ठेवलं. फर्निचर हलवलं नाही, रात्री दिवा चालू, जिन्याला जाळी, खाणं हाताने. जुलैत त्याला दिसायचं जवळजवळ थांबलं. ऑगस्टमध्ये नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आणि लांबून आवाज आला की त्याला फिट यायची, एक संपते न संपते तोच दुसरी. गणपती बसायच्या चार दिवस आधी डॉक्टर घरी आली. सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. निदान माहीत असल्यामुळे एक झालं, आम्ही त्याच्यावर आणखी औषधं, आणखी इंजेक्शनं, आणखी डॉक्टर करत बसलो नाही, आणि घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. गच्चीवरच्या त्या मुलाला मी हे कसं देऊ तेच कळत नाही.

आता मागणी.

प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली २०१७ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे नियम केले आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम आहेत, पण जाहिरातीत त्यांचा मागमूस नसतो. तुम्ही जाहिरात घेताना ब्रीडरचा नोंदणी नंबर मागा आणि तो छापा. नंबर नाही तर जाहिरात नाही. आणि जातीप्रमाणे आईबापाची डीएनए टेस्ट झालीय की नाही हे एका ओळीत छापायची सवय लावा, 'आईवडील सीएलएन ५ तपासलेले' एवढंच, गोल्डनच्या जाहिरातीत. दोन शब्द वाढले तर जाहिरातीचे थोडे पैसे वाढतील, तुमचाही तोटा नाही. एमआरआयला आमचा जो खर्च झाला त्यापुढे डीएनए टेस्टचा खर्च किरकोळ आहे, ब्रीडरला एका पिल्लाच्या किमतीत आईबाप दोघं तपासून होतील.

ब्रीडर स्वतःहून करणार नाहीत, पण गिऱ्हाईकाने विचारायला लागलं की करतील. मी दुकान चालवते, गिऱ्हाईक काय विचारतं त्याप्रमाणे माल ठेवावा लागतो हे मला चांगलं माहीत आहे. तेव्हा वाचकांनाही सांगते, पिल्लू बघायला गेलात की त्याच्या कानांचं आणि पंजांचं कौतुक करायच्या आधी वंशावळीचा कागद मागा आणि दोन्ही बाजूंना एकच नाव आहे का ते बघा. काही जण म्हणतील ब्रीडचं कुत्रं घेताच कशाला, आपलं गावठी घ्या. खरंय, गावठी कुत्र्यांत नात्यातल्या नात्यात मेटिंग कमी होतं त्यामुळे असे दोन सदोष जीन एकत्र यायची शक्यताही कमी, आणि आमच्याकडे आता आलेली राणी पार्किंगमध्येच जन्मलेली आहे. पण लोक गोल्डन घेणारच आहेत, तर निदान तपासून घ्या.

दुसरी मागणी सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजांकडे. परळचं कॉलेज १८८६ पासून आहे, आपल्या जवळचं शिरवळचं १९८८ पासून. कुत्र्यामांजरांचा एमआरआय आणि भूल सामान्य माणसाला परवडेल अशा दरात अशा ठिकाणी मिळायला हवी, आणि चित्र वाचणारी माणसं तयार व्हायला हवीत, कारण मशीन असून उपयोग नाही, 'दोन्हीकडे सारखंच' हे बघणारा डोळा लागतो. आमच्या त्या तरुण डॉक्टरसारख्या किती जणी आहेत?

माझं नाव छापू नये ही विनंती, छापलं तर ब्रीडर कोण ते आमच्या भागात लगेच कळेल आणि मला भांडण करायचं नाहीये, त्याने पुढच्या मेटिंगआधी टेस्ट करावी एवढंच हवंय. नाव-पत्ता कार्यालयासाठी वेगळा लिहून जोडलाय. चिकूच्या एमआरआयच्या सगळ्या फिल्म, पाण्याचा रिपोर्ट, डीएनए रिपोर्ट आणि फेऱ्या मारतानाचे, दारापाशी उभं असतानाचे मोबाईलवरचे व्हिडीओ तारखेवार लावून ठेवलेत. कुठल्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या मुलांना शिकायला हवे असतील तर तुमच्या कार्यालयामार्फत कळवा, मी स्वतः आणून देईन. दुकान दुपारी २ ते ५ बंद असतं, तेव्हा कधीही.

आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक वाचक, पुणे